तळघरातले मास्तर

“कुठलं पुस्तक?”

“जाडं.”

“जाडं म्हणजे? गणिताचं? विज्ञानाचं? भाषेचं?”

रहिमदादकाकांनी बराच वेळ विचार केला. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपासून लांब धरून पुस्तकाची जाडी दाखवली. “इतकं,” ते म्हणाले.

पमाआत्याने पेन टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटले. मी आतल्या दारात कलिंगडाची ताटली घेऊन उभी होते. मला इतकं हसू येत होतं की फोडी ताटलीत डुचमळायला लागल्या. पण काकांच्या शेजारच्या खुर्चीवर माझ्याएवढीच एक मुलगी बसली होती, हिरवी ओढणी घेतलेली, आणि ती अजिबात हसत नव्हती. ती आपल्या बाबांच्या त्या दोन बोटांकडे असं बघत होती की जणू त्यांच्या मधल्या फटीतून सगळं घर खाली पडणार आहे. मग माझंही हसू गेलं.

ही तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी सातवीची परीक्षा देऊन वाईहून पुण्याला, कोंढव्याला आत्याकडे सुट्टीला आले होते. आत्या वकील. कुठल्या तरी मोफत कायदेमदत संस्थेसाठी ती परदेशातून जीव वाचवून आलेल्या लोकांच्या केसेस बघायची. तिच्या फ्लॅटचा हॉल म्हणजेच ऑफिस, आणि हॉल व आतली खोली यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. तेव्हा मी चारचौघांत तोंड उघडायला घाबरायची. (आता वक्तृत्वाला मला खाली बसवायला घंटा दोनदा वाजवावी लागते.) पण पडद्यामागे मात्र माझे कान हत्तीएवढे असायचे.

“जाई, ताटली ठेव आणि आत जा,” आत्या म्हणाली. “आणि ऐकलंस ते गिळून टाक. बियांसकट.”

गिळलं. पण ऐकत राहिले. काय करणार, पडदा पातळ होता.

प्रकरण असं होतं. रहिमदादकाका अफगाणिस्तानातले, हेरात शहरातले शिंपी. तिकडे मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांच्या घराच्या तळघरात मुलींचे चोरून वर्ग भरायला लागले. ते कळलं, माणसं आली, काकांना धरून नेलं. ते सुटून आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मग शगूफाला, म्हणजे त्या हिरव्या ओढणीवालीला घेऊन ते इकडे पळून आले. दिल्लीला एक ऑफिस आहे, तिथे अशा लोकांची मुलाखत घेतात आणि खरोखर जिवाला धोका असेल तर निर्वासित म्हणून कार्ड देतात. कार्ड मिळालं तर राहता येतं. शगूफाला शाळेत जाता येणार होतं. नाही मिळालं तर परत.

परत म्हणजे कुठे, ते त्या खोलीत कोणी मोठ्याने म्हणत नसे.

आणि पहिल्या मुलाखतीत काकांना नकार आला होता. कारण तिथे त्यांना विचारलं, वर्ग कोण घ्यायचं? काका म्हणाले, मी. काय शिकवायचात? पुस्तक. कुठलं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आत्याने अपील केलं होतं, म्हणून आणखी एक मुलाखत मिळाली होती. शेवटची. आत्याच्याच ऑफिसातून, लॅपटॉपवर. त्याचा सराव चालला होता.

“भाईसाहब, खांदा खरा आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय,” आत्या समजावत होती. “तळघर खरं असणार. वर्गही खरे असणार. पण तुम्ही मास्तर नाही आहात हो! तुम्हाला धड लिहिता येत नाही. वकिलाशी कोणी खोटं बोलतं का?”

“मीच मास्तर,” काका म्हणाले.

“सातवीच्या मुलींना काय शिकवलंत ते एक सांगा. एक!”

“सगळं,” काका म्हणाले, आणि अगदी नम्रपणे कलिंगडाची फोड उचलली.

*

शगूफा रोज यायला लागली. काका आत्यासमोर बसायचे तेव्हा आम्ही दोघी मागच्या बाल्कनीत. बाहेर बहाव्याचं झाड होतं, पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेलं, आणि दुपारी ऊन त्यातून गाळून यायचं. त्यामुळे बाल्कनीतल्या फरश्या, वाळत घातलेले टॉवेल, शगूफाचं नाक, सगळंच हळद लावल्यासारखं दिसायचं.

तिचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांमधून शिकलेलं. त्यामुळे ती पाणी मागायची तेसुद्धा घराण्याचं रहस्य उघड करत असल्यासारखं. मराठी ती माझ्याकडून शिकत होती आणि फार भरभर शिकत होती. पहिल्या आठवड्यात तिला “चल” आणि “काहीही काय” येत होतं. दुसऱ्या आठवड्यात ती भाजीवाल्याला “नीट द्या की हो” म्हणाली. मी अभिमानाने फुगले.

दुपार पार पेंगायला लागली की ती हेरात सांगायची. सांगायची म्हणजे काय, डोळे मिटून हाताने हवेत काढायची.

“उन्हाळ्यात आमच्याकडे वारा येतो. उन्हाळाभर थांबतच नाही. रात्री पण नाही.”

“मग झोपता कशा?”

“थांबला तर झोप मोडते,” ती म्हणायची.

घरांच्या छपरांवर वारा पकडायचे मनोरे असतात म्हणे. वारा त्यात शिरतो, भिंतीच्या पोटातून उतरत उतरत तळघरात जातो आणि तिथे जाऊन गार होतो. मला ते इतकं आवडलं! आम्ही वाईला वाऱ्यासाठी खिडकी उघडतो, आणि ही माणसं त्याला जिना बांधून देतात. मग मी फरशीवर आडवी व्हायचे, अर्धवट झोप लागायची, आणि त्या झोपेत एक वारा पायऱ्या उतरायचा, कधी निळा, कधी पिवळा, खाली अंधारात मुली बसलेल्या असायच्या, त्यांच्या ओढण्या पाण्यातल्या शेवाळासारख्या हलायच्या, आणि कोणीतरी त्यांना काहीतरी सांगत असायचं. तोंड दिसायचं नाही. मी आणखी एक पायरी उतरायला जायचे आणि जाग यायची. कूलर घरघरत असायचा.

शगूफाच्या हेरातमध्ये तुतीची झाडं होती, कबुतरं होती, दुकानाच्या ओट्यावर चहा पिणारे बाबा होते. एक माणूस मात्र नव्हतं.

“तुझी आई?” मी एकदा विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. बस्स. आणि लगेच, “जाई, तुमच्याकडे कैरीला मीठ लावतात की मिठाला कैरी?”

बायकोचं नाव विचारलं की काकाही असंच बोलणं वळवायचे, ते मी पडद्यामागून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मी आत्याला विचारलं. केसबद्दल ती अवाक्षर बोलायची नाही, म्हणून मी आडून विचारलं. “आत्या, काही लोक बायकोचं नाव का घेत नाहीत?”

आत्याने पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहिलं. तिला आडून विचारलेलं बरोबर कळतं, वकील आहे. “काही ठिकाणी परक्यापुढे घरातल्या बाईचं नाव घेणं बरं मानत नाहीत. अमक्याची आई, तमक्याची बायको. लग्नाच्या पत्रिकेवर नवरीचं नाव नसतं. थडग्यावरसुद्धा नसतं कधी कधी.”

“शी! किती जुनाट!”

“हो का? मग वाईला गेलीस की तुझ्या आजीला विचार, रेशनच्या ऑफिसात नवऱ्याचं नाव कोण सांगायचं ते.”

“कोण?”

“मी! एवढीशी. टेबलाला डोकं पोचत नव्हतं. साहेब विचारायचे, यजमानांचं नाव? आई मला चिमटा काढायची, की मी खालून ओरडायची, गजानन!”

आम्ही दोघी पोळपाटावर पडेस्तोवर हसलो. पण मला वाटलं, समजलं. काका बायकोचं नाव घ्यायला लाजतात, म्हणून स्वतःलाच मास्तर म्हणवतात. एवढ्यासाठी! एका नावासाठी ती माझी मैत्रीण परत पाठवली जाणार? मला काकांचा राग यायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला “कैसी हो बेटी” विचारलं तर मी फक्त “हं” म्हटलं.

*

मुलाखतीच्या दिवशी आत्या कडक इस्त्रीची साडी नेसली आणि लॅपटॉप मी लावून दिला, कारण आत्याला आवाज कुठून सुरू होतो ते कधीच सापडत नाही. स्क्रीनवर दोन चौकोन आले. एकात दिल्लीच्या मॅडम, पिकलेले केस, शांत चेहरा. दुसऱ्यात दुभाषा, जाड मिशांचा. काकांनी स्वतः शिवलेला पांढरा सदरा घातला होता. मॅडमनी विचारलं, खोलीत आणखी कोणी आहे का? मग मी आणि शगूफा बाल्कनीत गेलो. आत्याने दार लावून घेतलं. त्या दिवशी पडदा नाही, दार.

आत काय चाललं होतं ते कळत नव्हतं. बहाव्याची एकेक पाकळी खाली येत होती, घाई नसल्यासारखी. शगूफा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. मी तिला मराठीतले महिने म्हणायला लावले. चैत्र, वैशाख. ज्येष्ठापाशी दार उघडलं.

आत्या होती. तिच्या कपाळावरची टिकली घामाने सरकली होती. “मॅडमनी थोडी सुट्टी दिलीय. म्हणाल्या, आल्यावर एकच प्रश्न विचारेन. वर्ग कोण घ्यायचं. नीट विचार करून या.” मग मराठीत, फक्त माझ्यासाठी, पुटपुटली, “परत तेच जाडं पुस्तक गं.”

काका तिच्या मागून आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. म्हातारे दिसत होते. मला राग होता ना त्यांचा, पण तो कुठे गेला कोण जाणे. आणि मी, जी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची, ती एकदम बोलायला लागले.

“काका, एक गंमत सांगू? आमच्याकडे पण ना, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घ्यायच्या नाहीत. पण लग्नात घ्यावंच लागतं. मग त्या काय करतात माहितीय? कविता करतात! दोन ओळी. आणि नाव त्यात लपवतात. उखाणा म्हणतात त्याला. कवितेतलं नाव चालतं!”

“जाई,” आत्या म्हणाली.

“थांब ना! काका, माझी आजी म्हणते बघा.” मी पदर घेतल्यासारखा हात डोक्यावर ठेवला, मान तिरकी केली आणि आजीचा आवाज काढला. “कृष्णेच्या घाटावर वाळत घातली चादर, गजाननराव रागावले, पण आतून आहे आदर!”

आणि त्याचं हिंदी केलं. इतकं वाईट हिंदी की चादर रागावली आणि आजोबा वाळत पडले. शगूफाने तोंडावर ओढणी दाबली. आणि काका हसले. खरंच हसले, खांदा दुखतो म्हणून डाव्या हाताने उजवा धरून.

“पुरुष पण घेतात,” मी जोरात होते. “तुम्ही पण घ्या. लाजायचं काय त्यात?”

काका हसायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले, अगदी प्रेमाने, जसं आपण चुकीच्या घराची बेल वाजवणाऱ्या पाहुण्याकडे बघतो तसं.

“बेटी, तुला वाटतं मी लाजतो?”

“मग?”

“नाव घेतलं की माणूस दिसायला लागतो,” ते म्हणाले. “नाव नाही, तोवर कोणी बघू शकत नाही तिला.”

मला काही कळलं नाही. आत्याला कळलं असावं, कारण ती एकदम खुर्चीवर बसली.

तेव्हा शगूफा बोलायला लागली. त्यांच्या भाषेत, फार भरभर, हात कंबरेवर ठेवून. त्या आवाजात मी तिला कधी ऐकलं नव्हतं. काकांनी एकदा काहीतरी म्हटलं, तिने ते तोडलं. पुन्हा काहीतरी म्हटलं, तिने तेही तोडलं. शेवटी काकांनी बाल्कनीतल्या नळावर तोंड धुतलं, ओल्या हातांनी केस सारखे केले आणि आत्याला म्हणाले, “वकीलसाहेबा, या दोघी मुली आत बसू देत. आज.”

आत्याने मॅडमना विचारलं. मॅडमनी काकांना विचारलं, तुमची इच्छा आहे का? मग मला आणि शगूफाला विचारलं, इथे ऐकलेलं बाहेर जाणार नाही असं कबूल आहे का? मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, हो म्हणणं सोपं असतं.

“आता सांगा,” मॅडम म्हणाल्या. “वर्ग कोण घ्यायचं?”

काकांनी डावा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि गुणगुणल्यासारख्या चार ओळी म्हटल्या. हेरातकडे असतात म्हणे तशा ओळी, लोक लग्नात म्हणतात, शेतात म्हणतात, शिवताना म्हणतात. दुभाष्याने मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला. मग सावकाश, एकेक ओळ उतरवत गेला. मी त्या अशा लक्षात ठेवल्यात:

वर माझं यंत्र चालतं, खाली वारा उतरतो,
वाऱ्यासंगे तुझा आवाज अंधारात पसरतो.
लोक पुसती, शिंप्याघरी दिवा कोण लावतो?
मी म्हणतो, मीच! दिव्याचं नाव मात्र…

शेवटचा शब्द दुभाष्याने काकांनी म्हटला तसाच म्हटला.

शगूफाने माझा हात पकडला. “बाबांनी कधीच नाही घेतलं,” ती माझ्या कानात म्हणाली. “घरात पण नाही.”

“ही कोण?” मॅडमनी विचारलं.

“माझी बायको,” काका म्हणाले. आणि मग बोलतच राहिले.

वर दुकान, खाली तळघर. शिकवायची ती. काका वर शिलाई मशीनवर बसायचे. मशीन चालू असेल तोवर मुलींनी मोठ्याने म्हणायचं, तो आवाज मशीनच्या आवाजात मिसळून जायचा. मशीन थांबलं की खाली सगळं गप्प. “शिवायला कापड नसलं तरी मी मशीन चालवायचो,” काका म्हणाले. “गल्लीतले म्हणायचे, रहिमदाद फार कमावतो. एवढंच माझं काम. मला कुठलं पुस्तक येतंय?”

मग ती माणसं आली. मशीन थांबलं, मुली मागच्या बाजूने गेल्या, पण फळा राहिला. ती माणसं म्हणाली, इथे कोण शिकवतं? काका म्हणाले, मी.

“त्यांनी विश्वास ठेवला?” मॅडमनी विचारलं.

“का नाही ठेवणार? तिला तिथे कोणी ओळखतच नव्हतं. शिंप्याची बायको, शगूफाची आई. मुली मुअल्लिम-साहिब म्हणायच्या, म्हणजे बाई. नाव कोणालाच माहीत नाही. घरात एक पुरुष. तोच मास्तर असणार.” काकांनी सदऱ्याची बाही सारखी केली. “त्यांनी मारलं, पण पुस्तक नाही विचारलं. तुम्ही मारलं नाही, पुस्तक विचारलंत. मी तिथे पास झालो, इथे नापास.”

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. घातला.

“मग पहिल्यांदाच खरं का नाही सांगितलंत?”

“साहेबा, मला सोडलं तेव्हा ती म्हणाली, तू शगूफाला घेऊन जा. ते पुन्हा बोलावतील. तू गेलास की त्यांना वाटेल, मास्तर पळाला. मग इथे कोणी शोधणार नाही. म्हणून मी पळालो. मी मास्तर आहे, तोवर ती कोणी नाही. मी मास्तर नाही म्हटलं तर…”

माझ्या डोक्यात सगळं हळूहळू जागेवर पडायला लागलं, एकेक, वरून गळणाऱ्या पाकळ्यांसारखं. मी ज्याला जुनाट म्हटलं होतं ना, त्या न घेतलेल्या नावाच्या आड एक बाई उभी होती. खडू घेऊन.

“म्हणजे वर्ग…” मॅडम म्हणाल्या.

“चालू आहेत. दुसऱ्या तळघरात.”

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मला वाटतं हा प्रश्न त्यांच्या प्रश्नांमधला नसावा, “आता मशीन कोण चालवतं?”

“एक म्हातारी,” काका म्हणाले. “निघण्याआधी मीच शिकवून आलो. सरळ शिवण अजून येत नाही तिला. पण आवाज चांगला काढते.”

*

“तू बाबांना काय सांगितलंस बाल्कनीत?” मी शगूफाला नंतर विचारलं.

“मी म्हटलं, आईला कळलं ना, की तुम्ही मास्तर म्हणून सांगता आणि सातवीचं एक उत्तर येत नाही, तर ती लपणं सोडून इथे येईल छडी घेऊन.” मग जरा वेळाने म्हणाली, “आणि म्हटलं, आईने आपल्याला सुटायला पाठवलंय. लपणं ती बघेल. तिला येतं.”

उत्तर यायला खूप दिवस लागले. मी वाईला परत आले, आठवी सुरू झाली, पाऊस पडून गेला. दिवाळीच्या फराळाची चकली तळणीत असताना आत्याचा फोन आला. तिने लगेच फोन दुसऱ्या कोणाला तरी दिला, आणि पलीकडून अगदी कोंढव्याच्या मराठीत आवाज आला, “ए जाई! आपण राहतोय! कार्ड आलं!”

मी इतक्या जोरात किंचाळले की आईच्या हातून झारा पडला. आजीने विचारलं, काय झालं गं? सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. काय झालं ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, “माझ्या मैत्रिणीला शाळेत ॲडमिशन मिळाली.” ते खरंच होतं.

आता लिहितेय ते शगूफाला विचारून. तिचं खरं नाव शगूफा नाही, हे तिनेच निवडलंय, शगूफा म्हणजे कळी. रहिमदादकाकांचं नावही वेगळं आहे, आणि गाव हेरातच असेल असं नाही. बहावा खरा आहे. बाकी एक नाव राहिलं, त्याच्या जागी दुसरं ठेवावं असं मला वाटलं नाही. ते मी रिकामंच सोडलंय.

ते नाव मी एकदाच मोठ्याने घेतलं, गेल्या महिन्यात. दहावीची परीक्षा संपली म्हणून कोंढव्याला गेले होते. शगूफाच्या घरी. काका आता तिथल्या एका दुकानात पडदे शिवतात. तिच्या आईचा फोन आला. कधी येईल सांगता येत नाही, आला की सगळं टाकून धावायचं असतं. शगूफाने स्पीकर लावला आणि आम्ही दोघी फोनवर वाकलो. आधी फक्त वारा ऐकू आला. एवढा मोठा, एवढा लांबचा, की मला वाटलं आपण पुन्हा फरशीवर आडव्या झालोय. मग त्या वाऱ्यातून एक बाईचा आवाज.

मायलेकी बराच वेळ बोलल्या. मग शगूफा माझ्याकडे वळली. “आई विचारतेय, ही तीच का? उखाणेवाली?”

“सांग, हो.”

“आई म्हणतेय, तुला माझं नाव माहीत आहे म्हणे.”

मी घाबरले. “मी कोणालाच नाही सांगितलं! शपथ! आजीला पण नाही!”

शगूफाने ते पलीकडे सांगितलं. तिकडे हसल्याचा आवाज आला. मग काहीतरी, हळू.

“आई म्हणतेय, ते ठीक. पण मला सांग ना. फार दिवसांत कोणी हाक मारली नाही.”

मी शगूफाकडे बघितलं. काकांकडे बघितलं. ते दोऱ्यात सुई ओवत होते, म्हणजे सुईत दोरा. ओवतच राहिले. मी फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि नाव घेतलं.

पलीकडे नुसता वारा. मला वाटलं, फोन कटला. मग ते नाव तिकडून परत आलं, तिच्या तोंडून, सावकाश, मधलं अक्षर लांबवून.

“म्हणतेय, असं नाही, असं. परत म्हण.”

मी परत म्हटलं.

“अजून नाही. जीभ वर लाव.”

शगूफा हसून लोळत होती. मी ताठ बसले, वर्गात बसतात तशी. जीभ वर लावली. आणि तिसऱ्यांदा जमलं, कारण पलीकडून त्या बाई एकच शब्द म्हणाल्या, ज्याचं भाषांतर शगूफाला करावं लागलं नाही.

“आफरीन!”